हे कुठे जाते?

परकी भाषा माणूस कोणत्या दाराने शिकू लागतो, हे बहुतेक वेळा त्याच्या हातात नसते. कोणी ती ग्रंथांच्या दाराने शिकतो, कोणी बाजाराच्या, तर कोणी प्रेमाच्या. इटालियन भाषा मला भेटली ती मागच्या दाराने, स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली ठेवलेल्या कचऱ्याच्या डब्यांपाशी. दान्तेच्या भाषेशी आपला परिचय असा व्हावा, हे सांगताना आरंभी मला संकोच वाटे. आता वाटत नाही. जी वाक्ये कोणी कोणाला मुद्दाम शिकवीत नाही आणि तरीही जी प्रत्येकाला येत असलीच पाहिजेत असे गृहीत धरले जाते, त्या वाक्यांतच भाषेचे घरपण असते, असे माझे मत झाले आहे.

पतीच्या नोकरीनिमित्त आम्ही पुण्याहून उत्तर इटलीत, तोरीनो शहराजवळच्या एका लहान गावी राहायला गेलो. पुण्यातही मोटारी बनतात आणि तोरीनोतही, एवढाच या दोन ठिकाणांना जोडणारा धागा होता. तेथे आम्ही नऊ वर्षे राहिलो. घरमालकाने पहिल्या दिवशी किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर आणखी दोन गोष्टी हाती दिल्या: निरनिराळ्या रंगांचे पाच डबे आणि कोमूनेने, म्हणजे गावच्या नगरपालिकेने, छापलेली एक दिनदर्शिका. तिच्यातल्या प्रत्येक चौकटीत एखादे लहान चित्र होते. कुठे बाटली, कुठे वर्तमानपत्रांचा गठ्ठा, कुठे खाऊन उरलेला सफरचंदाचा गाभा. आपल्याकडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत चतुर्थी आणि एकादशी पाहतात, तशी तिथली माणसे या दिनदर्शिकेत कागद आणि काच पाहत. 'दोमानी चे इल वेत्रो', उद्या काच आहे, असे शेजारीण जिन्यात सांगे, आणि मला 'उद्या चतुर्थी आहे' हे वाक्य आठवे. वाक्याची घडण तीच होती आणि त्यातली आठवण करून देण्याची आपुलकीही तीच.

कचरा वेगवेगळा गोळा करण्याच्या या पद्धतीला इटलीत 'राक्कोल्ता दिफ्फेरेन्त्सियाता' म्हणतात. बोलताना पहिला शब्द गळून पडतो आणि 'दिफ्फेरेन्त्सियाता करणे' एवढेच उरते. 'कार्ता' म्हणजे कागद, 'वेत्रो' म्हणजे काच, 'प्लास्तिका' तर ओळखीचेच. 'ऊमिदो' म्हणजे ओले: भाजीची देठे, फळांच्या साली, ताटात उरलेले अन्न, कॉफीचा चोथा. 'सेक्को' म्हणजे सुके. मात्र हा शब्द आपल्या 'सुक्या कचऱ्या'शी जुळत नाही. आपण सुक्या कचऱ्यात कागद, काच, प्लास्टिक असे सारे धरतो. तिथे हे सारे आधीच आपापल्या डब्यांत गेलेले असते. त्यामुळे सेक्को म्हणजे कशातच न बसणारे, शेवटी उरलेले. झिजलेला दात घासण्याचा ब्रश, फुटलेली कपबशी, झाडून काढलेली धूळ. एकाच अर्थाचे वाटणारे दोन भाषांतले दोन शब्द प्रत्यक्षात किती वेगळ्या वस्तू पोटात घेऊन बसलेले असतात, हे मला कोशाने सांगितले नव्हते.

या सगळ्या व्यवहाराच्या मुळाशी एक प्रश्न आहे: 'क्वेस्तो दोवे वा?' हे कुठे जाते? घरातली मुले आईला तो विचारतात, पाहुणे यजमानाला विचारतात, नवरा बायकोला आणि बायको नवऱ्याला. उत्तरही ठरलेल्या साच्यात येते. 'वा नेल सेक्को', 'वा नेल्ला कार्ता', 'वा नेल्लूमिदो'. इटालियनच्या वर्गात आम्हाला याच रूपांचा एक मोठा तक्ता दिलेला होता. 'मध्ये' या अर्थाचे अव्यय पुढच्या नामाच्या उपपदाशी जोडले जाऊन कधी 'नेल' होते, कधी 'नेल्ला', तर कधी स्वरापुढे 'नेल्ल'. तो तक्ता मला पाठ होईना. तो पाठ झाला डब्यांपाशी. हातात साल असली की 'नेल्लूमिदो', पाकीट असले की 'नेल्ला कार्ता'. मराठीत आपण हेच 'ओल्यात', 'कागदात', 'काचेत' असे म्हणतो. आपल्याकडे प्रत्यय लागताना नामच वाकते. 'ओला' चे 'ओल्या' होते, 'काच' चे 'काचे' होते. तिकडे नाम ताठ उभे राहते आणि पुढे येणारे अव्यय त्याच्यासाठी आपला आकार बदलते. सामान्यरूप ही आपल्या भाषेची केवढी मोठी लकब आहे, हे मला परदेशात, हातात केळ्याची साल धरून उभी असताना उमगले.

'दोवे सी बुत्ता?' असाही एक प्रश्न आहे: हे कुठे टाकायचे? 'बुत्तारे' म्हणजे फेकणे, टाकणे. पण दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास खिडक्यांतून जी आरोळी येते ती असते 'बुत्ता ला पास्ता'. म्हणजे पास्ता फेकून दे असे नव्हे, तर तो उकळत्या पाण्यात टाक, आम्ही जेवायला येत आहोत. हे ऐकून मला हसू आले, कारण आपणही 'चहा टाकते' असेच म्हणतो. एकच क्रियापद चुलीपाशीही उभे असते आणि उकिरड्यापाशीही. 'ऊमिदो'चे तसेच आहे. तो कचऱ्याचा डबा आहे, हवेतला दमटपणाही आहे, आणि 'इन ऊमिदो' म्हणजे मंद आचेवर रसात शिजवलेला पदार्थही. अन्न आणि कचरा यांत फार तर काही तासांचे अंतर असते, हे दोन्ही भाषांना ठाऊक असावे. आपल्या 'टाकणे'ला मात्र आणखी एक अर्थ आहे, जो मला इटालियन शेजारणीला सांगवला नाही. नवऱ्याने सोडलेल्या बाईलाही मराठी 'टाकलेली' म्हणते.

ही शेजारीण खालच्या मजल्यावर एकटी राहत असे. वय सत्तरीच्या पुढचे. मी तिला सिन्योरा म्हणत असे आणि तीही मला सिन्योराच म्हणे. इटालियनमध्ये परक्या आणि आदरणीय व्यक्तीला 'लेई' म्हणतात, जवळच्याला 'तू'. हा 'तू' अगदी आपलाच 'तू' आहे. उच्चार तोच, अर्थ तोच. दोन्ही भाषांना तो कुठल्या तरी समाईक पूर्वजाकडून वारशाने आलेला. पण त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि तो म्हणण्याची परवानगी वयाने मोठ्या माणसाने द्यायची असते. पहिली दोन वर्षे आम्ही दोघी 'लेई'च्या अंतरावर राहिलो. आमच्या बोलण्याचे विषय तीनच होते: हवा, जिन्यातला दिवा आणि उद्या काय आहे.

घरातल्या या साध्या बोलीच्या वर नगरपालिकेच्या पत्रकांची एक वेगळीच भाषा होती. तिथे कोणी कचरा 'टाकत' नसे. नागरिक तो 'प्रदान' करीत. त्यासाठी 'कोन्फेरीरे' हे क्रियापद योजलेले असे, जे पदवी, अधिकार किंवा मान बहाल करण्यासाठी वापरतात. डबा रात्री दाराबाहेर 'ठेवत' नसत, तो 'मांडत' असत. त्यासाठीचा शब्द 'एस्पोर्रे', जो चित्रकार आपली चित्रे प्रदर्शनात मांडतो तेव्हा वापरतात. साध्या शब्दाला घाबरून त्याच्याभोवती फेऱ्या मारणाऱ्या या कार्यालयीन इटालियनला इतालो काल्व्हिनो या लेखकाने १९६५ साली एका लेखात 'आन्तीलिंग्वा', प्रतिभाषा, असे नाव दिले होते. आपल्या शासकीय परिपत्रकांची मराठी वाचलेल्या माणसाला ही प्रतिभाषा परकी वाटण्याचे कारण नाही. तरीही मला त्या दोन क्रियापदांचा राग येईना. केळ्याची साल सन्मानपूर्वक प्रदान करणे आणि फुटक्या बाटल्यांचे प्रदर्शन मांडणे यांत नकळत एक विनोद होता, आणि त्या विनोदात थोडे सत्यही होते. कारण जे आपण ठेवतो, ते कोणीतरी पाहणार असते.

हे पाहणे कसे चालते, ते नियमांतून हळूहळू कळत गेले. प्लास्तिकाच्या डब्यात पाण्याची बाटली जाते, पण मोडकी प्लास्टिकची बादली जात नाही. प्रथमदर्शनी हा हट्टीपणा वाटतो. त्याचे कारण १९९७ च्या एका कायद्यात आहे. तो त्या वेळचे पर्यावरणमंत्री एदो रोन्की यांच्या नावाने ओळखला जातो. वस्तूंची वेष्टने बनवणाऱ्या आणि वापरणाऱ्या उद्योगांनी ती वेष्टने परत गोळा करण्याच्या खर्चात वाटा उचलावा, अशी व्यवस्था त्या कायद्याने उभी राहिली. बाटली हे वेष्टन आहे, तिचा वाटा कोणीतरी भरलेला आहे. बादली ही वेष्टन नसून वस्तू आहे, म्हणून तिची वाट निराळी. काचेच्या डब्यात बाटल्या आणि बरण्या जातात, पण चिनी मातीची बशी जात नाही, कारण ती काचेच्या भट्टीत वितळत नाही आणि तिचा बारीकसा तुकडाही नव्या बाटलीत दोष होऊन राहतो. दुकानातली पावती, 'स्कोन्त्रीनो', कागदासारखी दिसते, पण तिच्यावर उष्णतेने उमटणारा रासायनिक लेप असतो. ती सेक्कोत. पिझ्झाचा खोका हा तर घराघरातल्या वादाचा विषय. झाकण कोरडे असेल तर ते फाडून कागदात, तळ तेलकट असेल तर गावोगावचा नियम वेगळा.

गावोगावचा नियम वेगळा, हेही एक खास इटालियन वाक्य आहे. १ जानेवारी २०२३ पासून तिथे प्रत्येक वेष्टनावर त्याच्या घटकद्रव्याची माहिती छापणे सक्तीचे झाले, आणि त्या माहितीखाली पुष्कळदा बारीक अक्षरांत एक सूचना येते: 'वेरीफिका ले दिस्पोझित्सियोनी देल तूओ कोमूने', आपल्या नगरपालिकेचे नियम पाहून घ्या. मिलानोत कागदाचा डबा पांढरा असतो, दुसरीकडे निळा. एका गावात दुधाचा खोका कागदात जातो, शेजारच्या गावात प्लास्टिकमध्ये. घर बदलले की माणसाला आपले रंग पुन्हा शिकावे लागतात. त्यामुळे जन्माने इटालियन असलेला माणूसही नव्या गावात काही दिवस परका असतो आणि त्यालाही शेजाऱ्याला विचारावेच लागते, हे कुठे जाते?

मात्र सर्वांचे परकेपण सारखे नसते. आमच्या इमारतीत चौदा घरे होती आणि त्यांपैकी तीन परदेशी माणसांची: एक मोरोक्कोचे कुटुंब, एक रुमानियाचे आणि एक आमचे. तिसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात एका सकाळी अंगणातला कागदाचा मोठा डबा रिकामा न करताच गाडी निघून गेली. डब्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली होती की आतील कचरा नियमानुसार नाही. झाकण उघडले तेव्हा वर्तमानपत्रांवर कोणीतरी काळी पिशवी तशीच टाकलेली दिसली. दोन दिवसांनी जिन्यात सूचना लागली. 'सी आव्वीझानो', सन्माननीय रहिवाशांना कळविण्यात येते की, अशी तिची सुरुवात होती. शेवटच्या ओळीत नव्याने राहायला आलेल्या कुटुंबांनी नियम समजून घ्यावेत, असे विशेष आवाहन होते. नव्याने आलेली कुटुंबे कोणती, हे लिहिलेले नव्हते. ते लिहिण्याची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी मी अंगणात गेले, तेव्हा चार-पाच जण डब्याभोवती उभे होते. एक गृहस्थ दुसऱ्याला म्हणाले, 'लोरो नोन सान्नो.' त्यांना माहीत नसते. स्वर रागाचा नव्हता, समजुतीचाच होता, आणि म्हणूनच तो अधिक लागला. त्या 'त्यांना'मध्ये मी आहे, हे कळण्याइतके व्याकरण मला येत होते. तृतीय पुरुषी अनेकवचन. समोर उभ्या असलेल्या माणसाला तृतीय पुरुषात घालणे हे कोणत्याही भाषेत दार लावून घेणेच असते.

मी म्हणाले, 'नोन ए नोस्त्रो.' हे आमचे नाही. कोणी काही बोलले नाही. मग मी घरात जाऊन रबरी हातमोजे घालून आले, ती काळी पिशवी बाहेर काढली आणि तिथेच सोडली. एकेक वस्तू हातात घेऊन मी मोठ्याने सांगत गेले. ही नेल्ला प्लास्तिका. हा नेल्लूमिदो. हे नेल वेत्रो, झाकण वेगळे. ही पावती कागदात नाही, नेल सेक्को. माझा आवाज कापत होता की काय, ते आठवत नाही. व्याकरण मात्र बरोबर होते. थोड्या वेळाने माझ्या शेजारी आणखी दोन हातमोजे आले. खालच्या मजल्यावरची सिन्योरा होती. तिने पिशवीतून कॉफीची एक ॲल्युमिनियमची पुडी उचलली, ती माझ्यापुढे धरली आणि मला विचारले, 'क्वेस्तो दोवे वा?' तिला ते माहीत होते. तिथल्या सगळ्यांना ठाऊक होते की तिला ते माहीत आहे. तरी तिने मला विचारले आणि माझ्या उत्तराची वाट पाहिली. मी उत्तर दिले. तिने ती पुडी त्या डब्यात टाकली. जिना चढताना ती म्हणाली, आता आपण एकमेकींना 'तू' म्हणू.

पिशवी कोणाची होती, हे शेवटपर्यंत कळले नाही. त्या रात्री मला परीक्षेत उत्तीर्ण झाल्यासारखे वाटत होते आणि त्याच वेळी काहीतरी खुपतही होते. दुसऱ्यांची घाण चिवडून दाखवल्याखेरीज मला त्या अंगणात उभे राहण्याचा अधिकार का मिळू नये? आणि त्याहून आतला प्रश्न असा होता की, हा अनुभव मला इतका नवा का वाटला? त्या दुसऱ्या प्रश्नाकडे मी पुढे येईन.

इटलीचे चित्र मला आदर्श म्हणून रंगवायचे नाही. काचेसाठी रस्त्याच्या कडेला जे मोठे हिरवे घुमटाकार पात्र असते त्याला 'काम्पाना', म्हणजे घंटा, म्हणतात. हा शब्द दक्षिणेतल्या कांपानिया प्रांताच्या नावावरून आला, कारण एके काळी तिथले कांसे प्रसिद्ध होते. त्याच कांपानियात, नापोली आणि तिच्या परिसरात, १९९४ साली कचऱ्याची आणीबाणी जाहीर झाली आणि ती औपचारिकपणे संपायला २००९ उजाडले. २००७-०८ च्या हिवाळ्यात तिथले रस्ते कचऱ्याच्या ढिगांनी भरून गेले होते. गुन्हेगारी टोळ्यांनी विषारी कचरा पुरला आणि जाळला, त्या पट्ट्याला 'तेर्रा देई फुओकी', आगींची भूमी, हे नाव पडले. घाणीला तिथल्या बोलीत 'मुन्नेत्सा' म्हणतात. हा शब्द उच्चारताना नापोलीचा माणूस आजही हसतो आणि लगेच गंभीर होतो. याच देशात तोस्काना प्रांतातल्या कापान्नोरी या गावाने २००७ साली 'शून्य कचरा' हे धोरण स्वीकारले. असे करणारे ते इटलीतले पहिले गाव. त्या चळवळीच्या अग्रभागी रोस्सानो एर्कोलीनी हे प्राथमिक शाळेतले शिक्षक होते. कचरा जाळण्याच्या भट्टीला त्यांनी गावात विरोध केला, आणि विरोधाबरोबर लोकांना वेगळे करायलाही शिकवले. २०१३ साली त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. २००६ च्या कायद्याने २०१२ अखेरपर्यंत ६५ टक्के कचरा वेगळा गोळा करण्याचे उद्दिष्ट ठरवले होते. देशाची सरासरी ६५ टक्क्यांपलीकडे गेली ती २०२२ साली. दहा वर्षे उशिरा गेली, पण गेली. शब्द कायद्यात येणे आणि तो स्वयंपाकघरात येणे यांत एवढे अंतर असते.

कचरा उचलणाऱ्या माणसाच्या नावाचाही तिथे प्रवास झालेला आहे. पूर्वी त्याला 'स्पात्सीनो', झाडणारा, म्हणत. मग 'नेत्तेत्सा उर्बाना', म्हणजे नगराची स्वच्छता, या खात्याच्या नावावरून 'नेत्तुर्बीनो' शब्द आला. आता कागदोपत्री तो 'ओपेरातोरे एकोलोजिको', पर्यावरण-कर्मचारी आहे. आपल्याकडेही जातीची नावे मागे सारून 'सफाई कामगार' हा शब्द यावा लागला. पण नाव बदलले म्हणजे काम कोणाच्या हातात आहे, ते बदलत नाही. माझ्या लहानपणी आमच्या घरी कचऱ्याच्या डब्याला हात लागला तर हातपाय धुवायला लावत, आणि ते केवळ स्वच्छतेसाठी नव्हते. डबा दाराबाहेर ठेवला की आपले वाक्य संपत असे. पुढचे वाक्य कोणी दुसरेच पुरे करीत होते. अंगणातला तो अनुभव मला नवा का वाटला, याचे उत्तर इथे आहे. तो माझ्या घराला नवा होता, माझ्या शहराला नव्हता.

२०२३ साली आम्ही पुण्याला परतलो. रस्त्यांवर घंटागाड्या फिरत होत्या, त्यांच्यावर 'ओला कचरा' आणि 'सुका कचरा' असे लिहिलेले होते. इटलीत घंटा हे काचेच्या पात्राचे नाव, इथे घंटा गाडीला बांधलेली. आमच्या सोसायटीत मात्र गाडीआधी दोन बायका ढकलगाडी घेऊन येतात. त्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. २००८ साली ही संस्था सुरू झाली आणि तिच्या मागे १९९३ साली पुण्यात स्थापन झालेली कचरावेचकांची संघटना आहे. संघटनेचे नाव मी पूर्वीही ऐकले होते, पण ऐकले म्हणजे नुसते कानावर पडले होते. आता ते वाचताना मी थबकले. 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत.' कागद, काच, पत्रा. कार्ता, वेत्रो आणि धातू. ज्या याद्या मी परक्या भाषेत नऊ वर्षे पाठ करीत होते, ती यादी माझ्याच भाषेत, माझ्याच शहरात, माझ्या जाण्याच्या कितीतरी आधी एका संघटनेचे नाव होऊन बसलेली होती. वेगळे करण्याचे ज्ञान आपल्याकडे नव्हते असे नाही. ते ज्यांच्या हातांत होते, त्यांना आपण काही विचारत नव्हतो.

'राक्कोल्ता' या शब्दाचा मला या बायकांकडे पाहताना पुन्हा विचार करावा लागतो. इटालियनमध्ये त्याचा अर्थ गोळा करणे. ऑलिव्हची फळे उतरवतात ती राक्कोल्ता, कवितासंग्रह हीही राक्कोल्ता, आणि कचऱ्याचे संकलन हीही राक्कोल्ताच. उलट कचऱ्याला शब्द आहे 'रिफ्यूती', ज्याचे एकवचन 'रिफ्यूतो' म्हणजे नकार. जे आपण नाकारले ते कोणीतरी सुगीसारखे गोळा करते. मराठीतही 'वेचणे' हे क्रियापद असेच आहे. फुले वेचतात, कापूस वेचतात, वेचे निवडून ग्रंथ सिद्ध करतात. आणि कचरा वेचतात. वेचण्यात निवड असते, निवडीत जाण असते. 'कचरावेचक' हा शब्द ज्याने घडवला, त्याने कामातली ही जाण ओळखली होती.

सोसायटीत येणाऱ्या दोघींपैकी थोरली फार कमी बोलते. ओला डबा उलटा करण्याआधी ती त्यात डोकावते, सुक्याच्या पिशवीत हात घालते आणि क्षणात पुठ्ठा एकीकडे, बाटल्या दुसरीकडे होतात. विकून जे येते ते तिचे. म्हणून भिजलेला कागद म्हणजे तिच्या दिवसाच्या कमाईतला तोटा असतो. इटलीत मला पुडीवरच्या खुणा वाचाव्या लागत. ती प्लास्टिक बोटांनी दाबून, त्याचा आवाज ऐकून ते कोणते आहे ते ठरवते. तिच्यासाठी कोणी दिनदर्शिका छापलेली नाही.

एक दिवस वेफर्सचे रिकामे पाकीट हातात घेऊन मी दारात उभी होते. आतून चंदेरी, बाहेरून रंगीत. मी विचारले, "मावशी, हे कुठे जाते?"

तिने ते हातात घेतले, चुरगाळले, सोडले. ते पुन्हा फुलले.

"हे कशातच जात नाही, ताई," ती म्हणाली. "कागद नाही, प्लास्टिक नाही, दोन्ही चिकटवलेलं आहे. कुणी घेत नाही." मग गाडीला हात लावत तिने जोडले, "विचारलंत ते बरं केलंत. पुडके धुऊ नका, पाणी वाया जातं. नुसते कोरडे ठेवा. आणि फुटकी काच असेल तर कागदात गुंडाळून वर लिहा, काच म्हणून. आमचे हात असतात आत."

त्या दिवसापासून फुटकी काच गुंडाळली की मी वरती मोठ्या अक्षरांत 'काच' असे लिहिते. तिला वाचता येते की नाही, हे मला ठाऊक नव्हते, म्हणून पहिल्या वेळी मी ती पुडी तिच्या हाती देऊन दाखवली. तिने अक्षरांवरून बोट फिरवले आणि वाचले, "काच."